ठक्क

हार्डवेअरच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे एक आजी-आजोबा होते.

“अहो, पियानो दुरुस्त झाला ना? मग हा लाकडी ठोकळा कशाला?”

“दुरुस्त कोणी केला, ते आधी सांग.”

“तुम्हीच. आतल्या हातोडीची निघालेली गादी चिकटवलीत, शिवाय स्वतःची बोटंही.”

“पण सूर लागला की नाही?”

“लागला हो, गोड लागला! इतकी वर्षं ती पट्टी दाबली की नुसतं ठक्क व्हायचं.”

“आणि नात रडायला लागली. म्हणे, आजोबा, माझं गाणं मोडलंत, त्यातलं ठक्क कुठे गेलं?”

“अगंबाई! तिला ते गाण्यातलंच वाटायचं?”

“मग काय! आता तू वाजव, मी शेजारी बसून ठोकतो.”

“आणा बघू इकडे... छे! अहो दुकानदार, दुसरा दाखवा. हा टक्क म्हणतोय, आम्हाला ठक्क हवंय.”