व्यत्ययाबद्दल क्षमस्व

...आणि वर मला म्हणतात काय, तर आवाजात पश्चात्ताप नाही! अहो, चार वर्षं विमान चालवतोय मी, एकदाही कुठे आदळलो नाही, पश्चात्ताप आणू कुठून? पण नापास. रेडिओच्या परीक्षेत. म्हणजे सोमवारपासून विमान बंद, टोपी कपाटात. आणि नापास कुणी केलं? दाजींनी, माझ्या सख्ख्या ताईच्या नवऱ्याने. तेही मीच शिकवलेल्या वाक्यावर!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला वाटत असेल, जगातले सगळे वैमानिक रेडिओवर एकसारखंच बोलतात. छे! आकड्यातल्या टिंबाला आपण डेसिमल म्हणतो, दाजीही वैमानिकच, पण ते परदेशात जिथे शिकले तिथे पॉइंट म्हणतात. तिकडे पुढे दोन विमानं असली तरी टॉवर तिसऱ्याला आधीच सांगून टाकतो, तू उतर. आपल्याकडे रनवे रिकामा झाल्याशिवाय तो शब्द तोंडातून काढत नाहीत. आणि यातलं कुणी चुकत नसतं बरं का. प्रत्येक देश आपलं वेगळेपण पुस्तकात छापतो, सहीशिक्क्यानिशी. चूक नाही, फरक आहे.

तर दाजी तिकडून इथे, आमच्याच घरी राहायला आले, ते हेच वाक्य घेऊन. मी काही बोललो की, "आमच्याकडे तिकडे असं नाही म्हणत हं." आईने विचारलं, अजून वाढू का, तर तिलासुद्धा! आई म्हणाली, माझं काही चुकलं का? तर म्हणे, चूक नाही हो, फरक आहे.

आता इथे विमान चालवायचं तर इथली रेडिओ परीक्षा द्यायला हवी. कशी असते माहितीये? प्लायवूडच्या पार्टिशनच्या अलीकडे तुम्ही, पलीकडे परीक्षक साहेब टॉवर होऊन बसलेले, दोघांच्या कानाला हेडफोन, त्यातल्या एकाचा स्पंज कुरतडलेला. साहेब म्हणाले, तुम्ही तिसरे. दाजी म्हणाले, उतरतो. पुढच्या दोघांच्या डोक्यावर! नापास. दुसऱ्यांदा परत तेच, सवय हो... आता तिसरी संधी शेवटची, ती गेली की नोकरी गेली. ताई रडत माझ्याकडे आली. "तू शिकव ना रे त्यांना."

शिकवलं की. सगळं नीट शिकवलं, देवाशपथ. फक्त एक वाक्य पदरचं घातलं. म्हटलं, "दाजी, आपल्याकडे टॉवर कामात असतो. बटण दाबलं की आधी म्हणायचं, व्यत्ययाबद्दल क्षमस्व. खालच्या पट्टीत, मान खाली घालून."

"मान कशाला? रेडिओवर दिसते का?"

"आवाजात उतरते, दाजी."

पटलं! ज्याला टिंबाची दोन नावं पटतात त्याला काहीही पटतं. आठ दिवस हा माणूस बाथरूममध्ये बादलीची माफी मागत होता आणि मी उशीत तोंड खुपसून हसत होतो. मला वाटलेलं, साहेब पहिल्याच वाक्याला हसून लोळतील, दाजींची जिरेल, मग मी सांगीन, गंमत होती. आणि नोकरी? इतका पुढचा विचार कोण करतो हो!

झालं भलतंच. दाजी म्हणाले, व्यत्ययाबद्दल क्षमस्व... तीस वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या साहेबांची आजवर कुणीच माफी मागितली नव्हती, ना ऑफिसात ना घरी. त्यांनी हेडफोन काढून डोळे पुसले आणि दाजींना पास केलं. त्यांना वाटलं, ही तिकडची पद्धत! वर चिठ्ठी पाठवली. वरच्यांना वाटलं, तिकडे आहे आणि आपल्याकडे नाही? आठ महिन्यांत पुस्तकात छापून आलं, पान एकशे बारा. चूक नाही, फरक आहे!

आता बघा जरा आकाशात. सात विमानं गोल फिरतायत. एक माफी मागतो, टॉवर म्हणतो, छे छे, आम्हीच क्षमस्व. आणि रेडिओचा नियम असा की ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे पुन्हा माफी! एका कॅप्टनचं इंधन संपत आलं, तरी क्षमा संपेना.

तेवढ्यात साहेब रिटायर झाले. नवा परीक्षक कोण? अख्ख्या देशात हे वाक्य भावनेने म्हणणारा माणूस एकच.

गेल्या शुक्रवारी माझं लायसन्स नवं करायचं होतं, म्हणजे पुन्हा तीच परीक्षा. गेलो. तोच स्पंज. आता मला सांगा, आपणच मारलेली थाप माणूस सरळ चेहऱ्याने कशी म्हणेल? "व्यत्ययाबद्दल क्ष..." आणि फिस्सकन हसलो. पार्टिशनवरून दाजींचं डोकं वर आलं.

म्हटलं, "दाजी, ते मी उगाच सांगितलं होतं. गंमत केली. असं काही नसतं."

दाजींनी पुस्तक काढलं, पान एकशे बारा माझ्याकडे फिरवलं. "आहे की."

"अहो, ते मी बनवलंय!"

"मग तुला तर यायलाच हवं."

परत म्हटलं, न हसता. लाल पेन. शब्द बरोबर, पश्चात्ताप नाही. ताईला फोन केला, म्हटलं, सांग ना गं त्यांना. तर म्हणाली, "किती चांगलं शिकवलंस रे तू त्यांना. आता तूही शीक त्यांच्याकडून."

म्हणून रोज संध्याकाळी दाजींच्या शिकवणीला बसतो. तेच बाथरूम, तीच बादली. काल तासभर माफी मागितली, खालच्या पट्टीत, मान खाली घालून, आणि तुम्हाला सांगतो, शेवटी शेवटी खरंच डोळ्यांत पाणी आलं. अगदी आतून पश्चात्ताप. बाहेर येऊन विचारलं, दाजी, ऐकलंत?

म्हणाले, "ऐकलं. पण हा पश्चात्ताप स्वतःबद्दलचा आहे. टॉवरबद्दलचा हवा."

म्हटलं, म्हणजे हेही चूकच?

"चूक नाही रे," पाठीवर हात ठेवून म्हणाले, "फरक आहे."