मरणोत्तर पट्ट्याचं प्रूफ

...आणि वर म्हणतो काय, "सेन्सेई, योग्य वेळ येऊ द्या, काढूच!" अहो, योग्य वेळ म्हणजे कुठली? मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे वाजतात, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, दोन पानं लिहिली की बोटं आखडतात, माझी आता कुठली योग्य वेळ यायची राहिलीय? तुम्हीच सांगा! पण नाही. तोक्योहून फोन आला की तेच... "बाजार थंड आहे सेन्सेई, दुकानं बंद पडतायत, लोक वाचतच नाहीत, पण योग्य वेळी काढू." दोन वर्षं हेच, दोन! माझी कादंबरी ओनोदेराच्या कपाटात पडून होती. ओनोदेरा म्हणजे मला सेन्सेई, गुरुजी म्हणावं तसं, म्हणणारा माझा संपादक. सातवा. आधीचे सहा कोणी बढती घेऊन गेले, कोणी निवृत्त होऊन गेले, एक तर सरळ वरच गेले. आणि प्रत्येक नवा आला की कमरेत वाकतो, "आपली सगळी पुस्तकं वाचलीत" म्हणतो, आणि चहा पिता पिता हळूच विचारतो, "आपण साधारण कशावर लिहिता?" आता काय बोलायचं ह्यांना!

आणि कादंबरी काही अशीतशी नाही हो. माझ्या आईची आहे. सुवा गावच्या रेशीम गिरणीत उकळत्या पाण्यातून कोश काढून काढून जिची बोटं कायमची पांढरी पडली, ती माझी आई. चार वर्षं लिहिली मी, हातानं, चौकटीच्या कागदावर, सहाशे पानं. बाकीची सतरा पुस्तकं गेली खड्ड्यात, म्हणजे खरंच गेली, दुकानांतून परत आली आणि कापून लगदा केला त्यांचा... पण ही एक छापलेली हातात धरायची होती. जिवंतपणी. फार मागितलं का हो मी?

तर गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला तुम्हाला सांगते, मी मुळ्याचं लोणचं घालत होते, कोपरापर्यंत हात मिठात, आणि पाकीट आलं. वर लाल शिक्का, 'लेखकाचे प्रूफ'! माझ्या छातीत असं धडधडायला लागलं! हात धुतले, चांगला चष्मा शोधला, आमच्या ह्यांना हाक मारली, "अहो, आली बरं का योग्य वेळ!" हे चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून आता अर्धे बहिरे झालेत. म्हणाले, "कोण वेळ? पाच वाजून दहा."

पाकीट फोडलं. आत सहाशे पानं कुठली... एक पट्टी! पुस्तकाच्या कमरेला तो कागदी पट्टा बांधतात ना, जाहिरातीचा, तो. आणि त्यावर हे एवढ्या अक्षरांत, 'हिराबायाशी मित्सुए (वय ७८) यांना भावपूर्ण निरोप! मेजावर सापडलेली अखेरची कादंबरी!'

माझंच नाव! मी दोनदा वाचलं. मग नाडी बघितली स्वतःची. चालू होती!

पण खरी मजा पुढेच. बाजूला पेन्सिलीनं बारीक बारीक शंका. कावाझोए बाईंच्या. ह्या आमच्या प्रकाशनाच्या प्रूफं तपासणाऱ्या, तीस वर्षं मी त्यांचं तोंड पाहिलेलं नाही, फक्त पेन्सिल ओळखते. आणि ह्या बाई म्हणजे साक्षात नियम! लेखकाची लाल शाई उमटल्याशिवाय त्याच्या नावाची चिठ्ठीसुद्धा छापायला जाऊ द्यायची नाही. म्हणून माझ्या मरणाचं प्रूफ मलाच तपासायला पाठवलं! आणि शंका तरी किती अदबीच्या... "सापडलेली: नेमकी कोणाला? पतीला? पती तोवर हयात असतील का? कृपया पाहावे." "वय ७८: छपाईपर्यंत वाढू शकेल. चालेल?"

ह्यांना वाचून दाखवलं. हे शांतपणे म्हणाले, "विचार त्यांना, माझं कधीपर्यंत कळवायचंय?"

आता कोणीही शहाणी बाई ती पट्टी फाडून चुलीत घालेल की नाही? पण मी काय केलं असेल? लाल पेन घेतलं! सवय हो, हाडात शिरलेली सवय. 'भावपूर्ण' खोडलं, शिळा शब्द. 'मेजावर' खोडून लिहिलं, 'श्री. ओनोदेरा यांच्या कपाटात'. वयापुढे लिहिलं, 'प्रयत्न चालू आहे'. आणि दिलं पाठवून.

तिसऱ्या दिवशी ओनोदेरा दारात. हातात गोड वड्यांचा डबा, चेहरा पांढराफटक. आत आला तो थेट चटईवर कपाळ टेकलं, उठेचना. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, वरून टक्कल दिसतंय... "सेन्सेई, अक्षम्य! चुकून गेलं!" मी म्हटलं, "चुकून गेलं ते कळलं. चुकून छापलं का?" तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. मागे कोणी एक थोर लेखक वारले आणि प्रकाशनानं त्यांचं पुस्तक दोन आठवडे उशिरा काढलं, तोवर दुकानांतली श्रद्धांजलीची टेबलं दुसऱ्यांनी पटकावलेली! तेव्हापासून पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांचे पट्टे तयार ठेवायचे, असं विक्रीखात्यानं ठरवलं. मी एकटीच नाही हो, आम्ही अकरा जण आहोत!

मी विचारलं, "म्हणजे मी मेले की कादंबरी निघेल?"

"दहा दिवसांत, सेन्सेई!" डोळे लकाकले मेल्याचे!

"आणि नाही मेले तर?"

"मग... योग्य वेळी."

असा राग आला, असा राग आला... आणि रागाच्या मागोमाग रडू. म्हटलं, "अरे, मला बघायचीय रे ती. माझी आई आहे त्यात." तोही वरमला. वाईट नाही तो, विक्रीखात्यापुढे त्याचं काही चालत नाही इतकंच. डबा माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "एक मार्ग आहे. 'अखेरची' हा शब्द खपतो, सेन्सेई. आपण लेखणी खाली ठेवल्याचं जाहीर केलंत, तर तो आत्ताच खरा होईल. वसंतात काढतो. माझा शब्द."

लेखणी खाली ठेवायची. आमच्यात मोठमोठ्यांनी केलंय तसं, थाटात, वर्तमानपत्रात निवेदन देऊन. पण ओनोदेराला ठाऊक नव्हतं, मेजाच्या खणात नव्या कादंबरीची साठ पानं होती. ह्यांच्या घड्याळाच्या दुकानावरची. चांगली जमत होती हो... खरंच चांगली जमत होती. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "मला काय विचारतेस? मी हयात असेन की नाही तेच त्यांना माहीत नाही."

केली निवेदनावर सही. काय करणार? एक हातातलं घेतलं, एक खणात राहिलं. आता रोज सकाळी सहाला हात आपसूक मेजाकडे जातो. मी तो ओढून आणते आणि मुळे चिरायला लावते.

वसंतात पुस्तक निघालं. शब्दाला जागला ओनोदेरा. आईच्या तसबिरीपुढे ठेवलं, तासभर बसून राहिले, बोलले तिच्याशी. आणि मग राहवेना म्हणून इथल्या मात्सुमोतोतल्या दुकानात गेले, बघू तरी कुठे मांडलंय. पुढच्याच टेबलावर! सतरा पुस्तकांत कधी पुढचं टेबल मिळालं नव्हतं. शेजारी माझ्याच वयाची एक बाई, हातात माझं पुस्तक, पट्ट्यावरचं 'अखेरची' बोटानं कुरवाळत डोळे पुसतेय. मला म्हणते, "गेल्या वाटतं बिचाऱ्या. काय सुंदर लिहायच्या हो! माझी आईपण गिरणीतच होती."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, अहो, मीच ती, आहे अजून! पण पन्नास वर्षं लिहितेय, 'सुंदर लिहायच्या' असं माझ्या तोंडावर आजवर कोणी म्हटलं नव्हतं. जिवंत आहे म्हणून सांगून कशाला घालवू? मान खाली घातली आणि म्हटलं, "हो ना... फार हाल नाही झाले म्हणतात."