सात लाख लोकांनी पाहिलेला हात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या लघुउद्योजक संघाचे संस्थापक आदरणीय काकासाहेब, पुण्याहून खास वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे आणि संघाचे प्रसिद्धी सल्लागार रविराज सर, व्यासपीठावरील सर्व सन्माननीय पदाधिकारी, आणि सुपा, पारनेर, थेट शेवगावकडून आलेल्या माझ्या कारखानदार, दुकानदार बंधू-भगिनींनो, मुमताज तांबोळीचा आपणा सर्वांना नमस्कार आणि सलाम.

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, हार घातलात. नऊ वर्षं तुमच्या जाहिराती, पोस्ट आणि व्हिडिओ लिहिणाऱ्या बाईला निरोप द्यायला कामाच्या दिवशी एवढा हॉल भरला, याचं मला अप्रूप आहे. अशा वेळी गोड बोलायची रीत आहे. मीही तसंच लिहून आणलं होतं, ते पर्समध्ये आहे. पण मघाशी निवेदकांनी माझी ओळख करून दिली, "ज्यांचा व्हिडिओ सात लाख लोकांनी पाहिला, त्या आपल्या मुमताजताई!" आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या टाळ्या ऐकताना मला किळस आली. तुमची नव्हे हो. त्या व्हिडिओची, आणि तो लिहिणाऱ्या माझी. तेव्हा लिहिलेलं भाषण राहू द्या. काकासाहेब, थोडा वेळ जास्त घेईन.

मी कामाला लागले तेव्हा आपली प्रसिद्धी कशी होती, आठवतंय ना? सकाळी गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ'. दुपारी 'दर्जा, विश्वास, परंपरा'. फरसाणवाल्यांना तेच, नटबोल्टवाल्यांना तेच, पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्यांनाही तेच. एकदा मी मुद्दाम दोन पोस्टमधली दुकानांची नावं बदलून टाकली. आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही, मालकांच्यासुद्धा. ते दोघेही आज इथे आहेत आणि हसतायत. कंटाळवाणं काम होतं ते. पण त्याने कुणाच्या घरात रडारड झाली नव्हती.

मग तीन वर्षांपूर्वी रविराज सर आले. सर, तुम्ही इथे शेजारी बसला आहात हे बरंच झालं, पाठीमागे बोलावं लागलं नाही. पहिल्याच बैठकीत तुम्ही म्हणालात, "लोक मशीन बघत नाहीत. लोक दुःख बघतात. तुमच्या गिऱ्हाइकांमधलं दुःख शोधा." आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी तर खाली रेघही मारली.

आता आपले कानिफनाथभाऊ. तिसऱ्या रांगेत बसलेत, मान खाली घालून. भाऊ, मान वर करा, तुमच्याबद्दल वाईट बोलणार नाही मी. यांचं सुप्यात कडबाकुट्टीचं, म्हणजे चारा बारीक कापायच्या मशीनचं वर्कशॉप आहे. चारा आत सरकवायचा पत्रा भाऊंनी इतरांपेक्षा हातभर लांब केला आणि पात्याच्या तोंडावर जाळी बसवली. का, तर बाईचा हात पात्यापर्यंत पोचूच नये. त्यामुळे मशीन महाग पडायचं आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं. आणि या माणसाच्या मशीनवर मी दोन वर्षं काय लिहीत होते? 'दर्जा, विश्वास, परंपरा'! त्या लांब पत्र्याबद्दल एक ओळ नाही. कुणी त्यांना विचारलंच नव्हतं, की भाऊ, हा पत्रा लांब का?

सरांनी विचारलं, पण वेगळंच. "तुमच्या गिऱ्हाइकांत कुणाचा हात गेलेला आहे का?"

होता. शेवगाव तालुक्यातल्या एका गावात चांगुणाताई म्हणून आहेत. आधीच्या आखूड पत्र्याच्या मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. त्यानंतर स्वतः चौकशी करत सुप्याला येऊन त्यांनी भाऊंचं मशीन नेलं. आम्ही कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे गेलो, सर, मी आणि कॅमेरावाला.

बाईंनी चहा केला. कॅमेरावाला लाईट लावत होता, तोवर त्या मला गोठ्यात घेऊन गेल्या आणि मशीनबद्दल बोलत राहिल्या. पदर कुठे खोचायचा. ओला चारा आणि वाळला कडबा एकत्र का घालायचा नाही. अडकलं तर आधी बटण बंद, मग पट्टा थांबेपर्यंत मनात वीस मोजायचे. "घाई झाली की हात जातोय बघा. मशीन वाईट न्हाई, घाई वाईट," असं म्हणाल्या. जवळजवळ तासभर बोलल्या. आणि बोलताना उजवा हात सगळा वेळ पदराखाली होता. ती त्यांची सवय होती.

मग सर म्हणाले, "ताई, पदर काढा. हात दिसू द्या."

"हात कशाला? मशीन दावा ना."

"मशीन दाखवूच. हात जरा वर धरा. डोळ्यांत पाणी आलं तरी चालेल."

"पानी कशाचं? चार वर्सं झाली त्याला," बाई हसल्या.

हात काही बाहेर येईना. सरांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, बाई माणूस म्हणून जिला घरात घेतलं होतं ती मी, त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "ताई, एकदाच. तुमच्यामुळे दुसऱ्या बायांचे हात वाचतील." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर बाजूला केला.

बघा, हे काम सरांनी केलेलं नाही. मी केलं.

व्हिडिओ पंचेचाळीस सेकंदांचा झाला. त्यात हात, मागे रडकं संगीत, आणि मी लिहिलेली वाक्यं: 'माझं आयुष्य संपलं होतं. मी कुणाला तोंड दाखवत नव्हते.' ती वाक्यं नगरच्या एका मुलीच्या आवाजात घेतली, कारण चांगुणाताईंच्या आवाजात दुःख कमी पडत होतं. शेवटी भाऊंचं मशीन आणि फोन नंबर. आठ दिवसांत सात लाख लोकांनी पाहिला. याच हॉलमध्ये पेढे वाटले आपण! मीही दोन खाल्ले.

मशीन किती गेली, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मी भाऊंना नंतर विचारलं. फोन पुष्कळ आले होते. निम्मे लोक विचारत होते, बाई खरी आहे का. काहींना तिचा नंबर हवा होता. खालच्या कमेंट मी या माईकवर वाचू शकत नाही, इतक्या घाण होत्या.

पंधरा दिवसांनी चांगुणाताई स्वतः आल्या. नगरला एसटी बदलून, विचारत विचारत, आपल्या चौकातल्या ऑफिसचा जिना चढून. मी, सर आणि कानिफनाथभाऊ तिथेच होतो. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. डाव्या हाताने मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. त्यांच्या हाताचं स्टिकर केलं होतं कुणीतरी. पोरं एकमेकांना टाटा करायला ते पाठवत होती. त्यांची मुलगी संस्कृती तेव्हा अकरावीत होती. वर्गाच्या ग्रुपवर ते आलं, आणि तिने कॉलेजला जायचं सोडलं.

मी म्हटलं, "ताई, आम्हाला माहीत नव्हतं असं होईल."

बाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "तासभर बोलले म्या तुमच्यासंगं. पट्टा, बटन, वीस मोजायचं, समदं सांगितलं. ते कुठं हाय त्यात? तुमी माझं बोलनं काढलं आन् हात ठिवला."

 

सर म्हणाले, "ताई, आता काढला तर सगळी पोच जाईल." हे 'पोच' सर खूप वापरतात. म्हणजे व्हिडिओ किती लोकांपर्यंत गेला, ते.

कानिफनाथभाऊ खुर्ची मागे सारून उठले. "पोच जाऊंद्या. आत्ताच्या आत्ता काढा. आमी पत्रा लांब केला तो काय ह्याच्यासाटी?" व्हिडिओ निघाला. स्टिकर कुठून निघणार? ते शेकडो फोनमध्ये जाऊन बसलं होतं.

त्यानंतर महिन्याने भाऊ माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई गोठ्यात जे बोलल्या, ते कुनी ऐकलंच न्हाई. तेवढं तरी जगाला सांगता येईल का?" आम्ही दोघं शेवगावकडे गेलो, या वेळी सरांना न विचारता. चांगुणाताईंनी मला उंबऱ्याबाहेरच बसवलं. बरोबर केलं. भाऊंशी मात्र बोलल्या. "आवाज माझा. हात तुमचा. आन् गानं न्हाई लावायचं," एवढ्या अटीवर तयार झाल्या.

मी फक्त फोन धरला. त्या बोलत होत्या, भाऊ त्यांच्या सांगण्याप्रमाणे चारा घालून दाखवत होते. भाऊंनी एकदा घाई केली तर त्या ओरडल्या, "आवो, वीस कुठं मोजले?" ते तसंच ठेवलं. चार मिनिटांचा व्हिडिओ. कसंबसं दोन हजार लोकांनी पाहिला असेल.

पण फोन कसले यायला लागले, माहीत आहे? "आमचं मशीन दुसऱ्या कंपनीचं आहे, त्याला लांब पत्रा बसेल का?" भाऊ फोनवर माप सांगायचे. आपलं मशीन घ्या, असं एकदाही म्हणाले नाहीत. "हितनं हितपर्यंत मोजा, गावातल्या वेल्डरकडनं बसवून घ्या," झालं. पाथर्डीकडचे एक आजोबा फक्त एवढं सांगायला आले होते, की आमची सून आता वीस मोजते. आणि हो, मशीनही जायला लागली. भाऊंनी वर्कशॉप वाढवलंय, तुम्ही येता-जाता बघता. आपल्या कामात सुधारणा कशी करायची, म्हणून आपण एवढी शिबिरं घेतली. मला विचाराल तर ती त्या गोठ्यात झाली. आपल्याला ठाऊक असलेली एखादी उपयोगाची गोष्ट समोरच्याला नीट सांगावी. नऊ वर्षांत मला एवढंच कळलं, आणि तेही फार उशिरा.

आता मी का चालले आहे. निमंत्रणपत्रिकेवर 'कौटुंबिक कारणास्तव' छापलंय. ते खोटं आहे. माझ्या घरी सगळं ठीक आहे. गेल्या महिन्यात वर्धापनदिनाच्या निमित्ताने संघाच्या पेजवर मला न सांगता तोच पंचेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ पुन्हा टाकला गेला. 'आमचा सर्वांत गाजलेला व्हिडिओ' असं वर लिहून. चांगुणाताईंना कुणी विचारलं नाही. कानिफनाथभाऊंनाही नाही. मी काकासाहेबांकडे गेले. काकासाहेब, तुम्ही मला लेकीसारखं वागवलंत, म्हणून स्पष्ट सांगते. तुम्ही म्हणालात, "मुमताज, जुनं झालं ते. लोक विसरले असतील." मी म्हटलं, "विसरले असतील तर पुन्हा दाखवायचा कशाला?" तुम्ही चष्मा पुसत बसलात. मी संध्याकाळी राजीनामा दिला.

पेजचा पासवर्ड आज दुपारपर्यंत माझ्याकडे होता. सकाळी साडेनऊला ऑफिसात जाऊन मी तो व्हिडिओ काढून टाकला. कॉम्प्युटरवरची मूळ फाईलही पुसली. परवानगी घेतली नाही. कारवाई करायची असेल तर माझा पत्ता आस्थापना रजिस्टरात आहे. रविराज सर, एक प्रत तुमच्याकडे असेल. ती तुम्ही पुसावी, अशी या भरल्या सभेत तुम्हाला विनंती करते. तुम्ही मान हलवलीत, ती हो म्हणून होती असं मी समजते.

तिथूनच मी चांगुणाताईंना फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी उचलला. मी सांगितलं, काढला. त्या म्हणाल्या, "बरं केलं. पन टाकायचाच नव्हता." संस्कृतीची विचारपूस केली. ती बाहेरून बारावी झाली, आता शेवगावला नर्सिंग शिकतेय. मग मला राहवलं नाही. विचारलं, "ताई, मला माफ केलंत का?"

मागे मशीनचा आवाज येत होता. तो बंद झाला, आणि मग त्या म्हणाल्या, "न्हाई. अजून न्हाई जमलं. पन फोन करत जा."

करणार आहे मी.

आपण सगळ्यांनी इतकी वर्षं मला सांभाळून घेतलंत, माझ्या चुका असलेल्या पोस्टही चालवून घेतल्यात, आजारपणात डबे पाठवलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आनंदाच्या कार्यक्रमात कडू बोलले, वेळही जास्त घेतला. शब्द कुणाला लागला असेल, मानापानात काही चुकलं असेल, तर आपली म्हणून पोटात घाला. व्हिडिओबद्दलची माफी मात्र तुमच्याकडे मागत नाही. ती द्यायचा हक्क एकाच बाईचा आहे, आणि ती अजून विचार करते आहे.

येते मी.