गेटपर्यंत मी

मी कोल्हापूरची, उद्यमनगरची, आणि आमच्याकडं बायकासुद्धा येतो-जातो म्हणतात, तेव्हा माझ्या बोलण्याला हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. आमच्या तात्यांचं, म्हणजे वडलांचं, डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज, खाली गॅरेज आणि वर घर. बाकीच्या पोरी भातुकली मांडायच्या आणि मी गाड्यांच्या दारावर टिचक्या मारत बसायचो, भरीव वाजतंय की पोकळ. आई म्हणायची, हिला कोण पत्करणार? तर पत्करलं की, आमच्या ह्यांनी! यान्बूच्या रिफायनरीत इंजिनियर होते, लग्न झालं आणि मी थेट समुद्राकाठी सौदीत. कंपनीचं कंपाउंड, चांगलं घर, दारात बोगनवेल, मुलगीही तिकडं गेल्यावरच झाली.

आणि मग काय सांगू तुम्हाला, इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. आमच्याकडं काही पडत नव्हतं, पण भीतीला काय गाव लागतं का? खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या, बायकापोरं मायदेशी निघाली. शेजारचा अमेरिकन पण निघाला. त्याची जपानी स्पोर्ट्स कार, दोन दारांची, महिनाभर आधीच उंटाला धडकली होती, उंट टपावर आला आणि टप बसला खाली, माणूस वाचला आणि इंजिनाला खरचटलंसुद्धा नाही. जाताना तो ह्यांना म्हणाला, इंजिन तुला घे. इंजिन म्हणजे असं, की हे रोज ऑफिसातून आले की आधी त्याच्यावरून हात फिरवायचे, मग मुलीला घ्यायचे.

आमच्याकडं तेव्हा स्वतःची गाडी नव्हती. ह्यांनी माझी आणि मुलीची तिकिटं काढली आणि म्हणाले, उद्या पळायची वेळ आली तर कंपनीची बस कुणासाठी थांबणार, तू कोल्हापूरला जा. मी म्हटलं, मी जात नाही, तुम्हाला इथं एकटं सोडून मी तिकडं रेडिओ ऐकत बसू? भांडण झालं, चांगलं झालं. शेवटी ठरलं, विमानाच्या दिवसाआधी आपली गाडी झाली तर मी राहायचं. आता घाबरलेल्या दिवसांत चालती गाडी कोण विकतो? म्हणून तसल्याच मॉडेलची, इंजिन गेलेली जुनी गाडी घ्यायची आणि आपलं इंजिन तिच्यात घालायचं.

यान्बूतच एक निघाली. लालभडक, कुंकवासारखी. मालक मोठा सभ्य, माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता. हे आणि ह्यांचे दोस्त घाटगे भावजी बॉनेट उघडून इंजिन ऐकायला लागले. धूर सोडत का होईना, चालू होत होतं. घाटगे भावजी म्हणतात, अजून जीव आहे हो हिच्यात. मी अंगावरचा काळा अबाया सावरत मागच्या सीटवर बसलो आणि मनात म्हटलं, अरे देवा, जे काढून टाकायचंय तेच ऐकत बसलेत! मी पायाखालचं मॅट उचललं. खाली गालिचा ओला, बोट घातलं तर गंजाचे पापुद्रे हाताला आले. समुद्राची खारी हवा, दुसरं काय. पर्समध्ये आमच्या फ्रीजवरचं आंब्याचं मॅग्नेट आणलं होतं, उतरताना दाराच्या खालच्या अंगाला लावलं, तर पटकन खाली पडलं. पत्रा नव्हताच तिथं, नुसती लांबी भरलेली, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, आणि वरून लाल रंग.

आता बघा माझी पंचाईत. गप्प बसलो असतो तर गाडी त्याच दिवशी घरी, आठवड्यात तयार, मी राहिलो असतो. पण असल्या सांगाड्यात ते दांडगं इंजिन घालून माझी माणसं बसवायची? मी म्हटलं, अहो, ही नको. हे म्हणाले, दुसरी आहे ती ताइफला, तिकडं जाऊन आणेपर्यंत तुझं विमान येईल. मी म्हटलं, येऊ दे.

ताइफ म्हणजे डोंगरावरचं गाव, कोरडी हवा, गुलाबाचे मळे. मक्केत आम्हाला जाता येत नाही, बाहेरून वळसा घेऊन गेलो. गाडी एका गुलाबवाल्याच्या शेडमध्ये, इंजिन जाम, टपाचा रंग उन्हानं उडालेला, सीटा फाटलेल्या, ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मी मॅट उचललं. कोरडं ठणठणीत. मॅग्नेट जिथं लावीन तिथं चिकटलं, दारावर टिचकी मारली आणि मला तात्यांचं गॅरेज आठवलं. मी म्हटलं, हीच. गुलाबवाला हसला, म्हणाला, खलास, म्हणजे विषय संपला, मॅडमनी ठरवलं.

ट्रकवर घालून आणली. पण विमानाच्या दिवशी गाडी अर्धीच होती, इंजिन साखळीला लटकलेलं. शब्द म्हणजे शब्द, मी बॅगा दारात आणून ठेवल्या, मुलीला स्वेटर घातला. रडू येत होतं, पण रडलो नाही. टॅक्सी आली. हे गाडीखालून ओरडले, अगं, इंजिन खाली घेतोय, जरा बाजूनं धर, तिरकं जातंय. मी चपला काढल्या आणि धरलं. इंजिन जागेवर बसेपर्यंत धरलं. टॅक्सीवाला हॉर्न वाजवून वाजवून गेला निघून. हे बाहेर आले, तोंडाला ग्रीस, म्हणाले, तू गेलीस तर हे मला एकट्याला जमायचं नाही. इंजिनाचंच म्हणाले, पण मला कळायचं ते कळलं.

लढाई संपली, आम्ही यान्बू सोडलं नाही. त्या गाडीनं कधी रस्त्यात उभं केलं नाही. कंपाउंडच्या भिंतीच्या आत बायकांना गाडी चालवता यायची, बाहेर नाही. म्हणून घरापासून गेटपर्यंत मी, गेटला उतरायचं, जागा बदलायची, पुढं हे. किती वर्षं तसंच.

आता आम्ही कोल्हापुरात. हे निवृत्त, बागेत गुलाब लावतात. मुलगी तिकडं सौदीतच, थुवालला विद्यापीठात आहे. परवा तिच्याकडं गेलो, तर ती मला तिच्या गाडीत घेऊन निघाली. गेट आलं आणि बघा हो, माझा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला, उतरायला. पोरगी म्हणाली, आई, रिलॅक्स, आता बायकांना बाहेरही चालतं! थांबलीच नाही ती. मी मागं वळून बघितलं, तर गेट लांब राहिलेलं.

तिला म्हटलं, आता थोडं चालवायला मला दे. दिलं की तिनं, मोकळ्या जागेत. सुखी राहू दे पोरीला, आणि तुम्ही पण सुखी राहा, एवढं ऐकून घेतलंत माझं.