छत्रीची हाजरी

बानूबाई : मंग धरनावर ही एवढी मोठी छत्री आभाळाकडं तोंड करून कशाला उभी केली, भाऊ? फोनच्या तारा पडल्या म्हून तर मी तुमच्याकडं पळत आले.

दत्तराव : छत्री चांगली हाय, वैनी. पण मशीन बंद पडलं की उपग्रहाकडं आपली हाजरी कटती. ती परत लावायलोय.

बानूबाई : बंद कुनी पाडलं?

दत्तराव : मीच. खोलीत पिनेची जागा एकच. सकाळी चहासाठी मशीनची पिन काढून शेगडी लावली तिथं.

बानूबाई : लय भारी! आन् तकडं आमचे धनी मेंढरं घेऊन नदीतल्या बेटावर अडकल्यात, पानी जरा उतरल्याबिगर निघता येईना. दुपारी धरणाचे दरवाजे उघडनार म्हनं.

दत्तराव : तुमच्या येडबाचं धरणाच्या साहेबांच्या कानावर घातलंय मी. ते म्हणले, वरच्या कचेरीचा हुकूम आणा, तरच थांबतो. माझ्या मनानं थांबलो तर नोकरी जाईल.

बानूबाई : मंग आना की हुकूम!

दत्तराव : मशीन आपलं नाव पुकारायलंय. उत्तर न्हाई. समद्या जिल्ह्यांच्या छत्र्या आज एकदमच ओरडायल्यात. दोघांची हाक एका वख्ताला गेली की दोन्ही फुकट. मग जो तो जरा दम खातो, कुणी कमी, कुणी जास्त, आन् परत हाक मारतो.

बानूबाई : पानवठ्यावर मेंढरं अशीच घुसत्यात. पन तितं काठी तरी उगारता येती. आन् भाऊ, तुमी तर गावात सांगत होता, दिल्लीशी डायरेक बोलतो म्हून.

दत्तराव : सांगत होतो ना. सासऱ्याला चारठाण्याहून बोलावून छत्रीशेजारी फोटो काढला, फेटा बांधून. तिकडं मला कुत्रं ओळखत न्हाई. छत्रीला एक नंबर हाय, त्यालाच काय ती ओळख… लागली! वैनी, हाजरी लागली!

बानूबाई : लिवा लवकर.

दत्तराव : ‘परमआदरणीय महोदयांच्या चरणी, सविनय नमस्कार करून, अत्यंत नम्रतापूर्वक…’ अरे! थांबलं.

बानूबाई : काय झालं?

दत्तराव : आपल्या वाट्याची जागा भरली. वरचा रस्ता एकच, समद्यांना थोडा थोडा वाटून देत्यात. पुराच्या दिवसात समद्यांनाच बोलायचं असतं. आता पुढची पाळी यीपर्यंत थांबायचं.

बानूबाई : मेंढराचं तरी गेलं का त्यात?

दत्तराव : न्हाई. मी अजून महोदयांच्या चरणापाशीच हाय.

बानूबाई : भाऊ, पाया पडते तुमच्या, पन त्यांच्या नका पडू आता!

दत्तराव : खरंय. अक्कल चहात बुडाली माझी. तुमी सांगा, तसंच लिहितो.

बानूबाई : नदीत मानूस हाय. दरवाजे थांबवा.

दत्तराव : बस? खाली माझं नाव, हुद्दा…

बानूबाई : दत्तूभाऊ!

दत्तराव : बरं, बरं. आली पाळी… गेलं.

(दोघं मशीनकडं बघत उभे राहतात. बऱ्याच वेळानं कागद सरकू लागतो.)

बानूबाई : काय म्हनत्यात?

दत्तराव : ‘माणूस बाहेर येईपर्यंत थांबा.’ बघा, एवढे मोठे साहेब, पण नमस्कार न्हाई की चमत्कार न्हाई. अहो साहेब! साहेब! हुकूम आला, थांबा! … ‘थांबलो’ म्हणून हात केला त्यांनी. वैनी, खिडकीतून बघा, निघाला का येडबा?

बानूबाई : निघाले. पुढं बकरी घातलीय. मेंढरं तिच्या मागं पवत चाललीत. पानी धन्यांच्या छातीला लागलंय.

दत्तराव : आता?

बानूबाई : बोलू नका जरा.

(दत्तराव मान उंच करून खिडकीकडं बघतो.)

बानूबाई : आले. काठाला आले. शेवटचं कोकरू खांद्यावर हाय.

दत्तराव : आता साहेबांना सांगतो, उघडा म्हणून. हे मशीन विचारायलंय, आपल्या वाट्यात अजून काही धाडायचं का?

बानूबाई : न्हाई म्हनावं. दुसरं कुनी ओरडत आसंल.