आहेराचा कागद

सात रस्ता चौकातल्या थांब्यावर अक्कलकोटची बस काही येईना, आणि सोनमचे कान तर पुढे उभ्या असलेल्या बहीण-भावाकडेच लागलेले.

“शिवा, तुझ्या दोस्ताच्या, बिरुदेवच्या लग्नात तू आहेर म्हणून नुसता कागद दिलास, हे त्याची आई अजून गावभर सांगती.”

“कागदावर बारा शब्द होते, ताई. एका बिटकॉइनची किल्ली होती ती.”

“आज किती झालं असतं त्याचं?”

“पाऊण कोटीच्या वर.”

“आगं बया! आन् तिनं तो चुलीत घातला की रं!”

“व्हय.”

“तुझ्याकडं नक्कल असंल की.”

“न्हाय ठेवली. दुसऱ्याच्या पैशाची किल्ली आपल्याकडं ठेवायची न्हाय, बँकेगत वागायचं न्हाय, असं लई वाटायचं तवा.”

“आन् तुझे सोताचे?”

“घर बांधायला विकले. स्वस्तात.”

“लई शहाणा हायस! बिरुदेव अजून रिक्षा चालवतोय. आज त्याच्याच घरी चाललोय, सांगणार हायस का त्याला?”

बस आली. सोनम धक्के मारत चढली आणि बरोब्बर त्यांच्या मागची सीट तिने पटकावली.

“बोल की रं. सांगणार का?”

“न्हाय. बारा वर्षं झाली, मला कंजूष म्हणून हसतोय आन् निवांत झोपतोय. हसू दे.”