सुर्ल्याहून येणारा फोन

हसा तुम्ही, पण फाइलच्या पाथमधल्या एका तिरक्या रेघेनं मला वर्षभर सोबत केली. धारगळला घरात मी एकटा, लिनक्सवर. सुर्ल्याला बंद खाणीच्या ऑफिसात म्हातारे गावसबाब एकटे, विंडोजवर. रोज सकाळी मी बॅकअपची कमांड पाठवायची, त्यांनी ती काळ्या स्क्रीनवर चिकटवायची, की मशीन म्हणायचं फाइल सापडत नाही, आणि लगेच फोन.

“पुता, फाइल गावत नाय म्हणता.”

“रेघ उलटी करा, गावसबाब. माझ्या लिनक्सची सरळ, विंडोजला उलटी लागते.”

“केली. चालली. च्या घेतलीस?”

मग अर्धा तास गप्पा.

शेवटी मलाच वाटलं, म्हाताऱ्याला रोज कशाला त्रास? त्यांच्या मशीनवर स्क्रिप्ट ठेवली. तिच्यातली एक ओळ रेघा आपोआप उलटवायची. फोन येणं बंद झालं. घरात दिवसभर नुसता पंख्याचा आवाज.

आणि एका सकाळी परत, “पुता, फाइल गावत नाय म्हणता.”

मी इथूनच त्यांच्या मशीनवर शिरून बघितलं. नेमकी तीच ओळ पुसलेली. त्या ऑफिसात दुसरं माणूसच नाही.

मी म्हटलं, “रेघ उलटी करा, गावसबाब.”

“केली. च्या घेतलीस?”

ती ओळ मी अजून परत घातलेली नाही.